साप्ताहिक अध्यक्षांच्या हाती जाऊ नये म्हणून

मी, खाली सही करणारी, या शहराच्या व्यापारउदिमाच्या साप्ताहिकाची मालक व संपादक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बसावे आणि मला चार प्रश्न विचारावेत. मीही चार विचारीन. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. वकीलसाहेब शेजारी बसून "बाई, भाषा जरा सौम्य ठेवा" म्हणत आहेत, ते दडपणात धरलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम एक. राहते घर, म्हणजे कार्यालयाच्या वरच्या दोन खोल्या, मुलाला व सुनेला निम्मे निम्मे. भांडले तर एकेक खोली घ्यावी. न्हाणीघर एकच असल्यामुळे फार काळ अबोला धरता येत नाही, हा माझा आणि माझ्या यजमानांचा अनुभव आहे.

कलम दोन. बँकेत जी काही शिल्लक असेल ती आमच्या मशीनवाल्या काकांना. ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, पण माझ्याआधी जाणार नाहीत. छपाईचे यंत्र अडले की मला बोल लावायचे, या व्यायामावर त्यांची तब्येत उत्तम राहिली आहे. बँकेच्या मॅनेजरांनी 'शहराच्या अर्थकारणाचा कणा' या विषयावर दिलेली मुलाखत वाचता वाचता त्यांना स्वतःलाच झोप लागली होती, तेव्हा पैसे काढायला जाताना काकांनी जरा मोठ्याने बोलावे.

कलम तीन. माझी मोठी स्टीलची कात्री मुलाला. या शहरात दुकान उघडो, गोदाम उघडो की दवाखाना, लोक फीत बांधतात, फुगे लावतात, पुढारी बोलावतात आणि कात्री आणायची हमखास विसरतात. मी ती पर्समध्ये बाळगू लागले तेव्हापासून एकाही उद्घाटनाचे आमंत्रण चुकले नाही. लोकांना वाटे, संपादकबाईंना केवढा मान! मान कात्रीला होता. मुलगा साप्ताहिकाच्या जाहिराती आणतो आणि त्याला पुढाऱ्यांच्या शेजारी उभे राहायची हौस आहे, ती भागेल. याहून धारदार काही मी त्याच्या हाती देणार नाही. का, ते पुढे येतेच आहे.

कलम चार. व्यापारी संघाने मला वेळोवेळी दिलेली स्मृतिचिन्हे संघाच्या अध्यक्षांना परत. सगळ्यांवर त्यांचे नाव माझ्या नावापेक्षा मोठे कोरले आहे, त्यामुळे ती त्यांचीच समजावीत. धूळ मात्र माझी आहे.

कलम पाच. साप्ताहिक. आता मुद्द्याचे.

आमच्याकडे मुलाखतीचा शिरस्ता असा, की पाहुण्याने जिना चढून आमच्याकडे यायचे, छापण्याआधी मजकूर त्याला दाखवायचा नाही आणि शेवटचा प्रश्न ठरलेला: "तुम्ही बुडवलेला धंदा कोणता?" चाललेल्या धंद्याबद्दल सगळेच बोलतात, माणूस कळतो तो बुडालेल्यात. आमच्या नगराध्यक्षीणबाई या प्रश्नावर आपला मेणबत्त्यांचा कारखाना आठवून ढसाढसा रडल्या आणि पुढची निवडणूक जिंकल्या.

गेल्या वर्षी व्यापारी संघाचे अध्यक्ष आले. माझे कान संपावर गेल्यापासून मुलाखती सूनबाईच घेते. अध्यक्षांनी उत्तरे सेक्रेटरीकडून टाइप करून आणली होती. समोर कागद आला की तो खड्या आवाजात वाचून काढायचा, ही त्यांची सभांमधली सवय. आधी एकदा नजर टाकण्याची पद्धत नाही. "व्यापारी हा या शहराचा प्राण आहे," त्यांनी वाचले, "येथे थांबून किंचित हसावे." थांबले. हसले. शेवटचा प्रश्न आला तेव्हा वाचले, "हा प्रश्न विचारल्यास घड्याळाकडे पाहून विषय बदलावा," आणि खरोखर घड्याळाकडे पाहिले.

सूनबाईने जे ऐकले ते छापले. पदरचे एक अक्षर घातले नाही की गाळले नाही. अंक दुपारपर्यंत संपला. अजूनही अध्यक्ष भाजीबाजारातून निघाले की कोणीतरी मागून म्हणते, "येथे थांबावे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अध्यक्षांनी आधी संघाच्या जाहिराती बंद केल्या आणि मग माझ्या मुलाला चहाला बोलावले. "साप्ताहिक आम्ही विकत घेतो. घाई काही नाही. बाई आहेत तोवर चालू दे." त्यानंतर काय, तर गुळगुळीत कागद, छापण्याआधी मजकुराला पाहुण्याची मंजुरी आणि शेवटचा प्रश्न बंद. मुलगा मान डोलावून घरी आला. मला म्हणतो, "आई, अगं, जरा व्यवहार बघ ना! जाहिराती नसल्या तर अंक काढायचा कशावर?" प्रश्न खोटा नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, या म्हणीतली म्हातारी इथे मी स्वतःच असल्यामुळे मला दोन्हींचे दुःख आहे.

सबब, साप्ताहिकाचे नाव, यंत्र, टेबले, खुर्च्या व सर्व हक्क माझ्या पश्चात सूनबाईच्या एकटीच्या मालकीचे होतील. मुलाने जाहिराती आणाव्यात, मजकुरात नाक खुपसू नये.

येथवर लिहून झाल्यावर मी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. मुलालाही मुद्दाम बोलावले होते. मला वाटले, सूनबाईच्या डोळ्यांत पाणी येईल. ती प्रुफे तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, आणि तुम्ही जाईपर्यंत मी काय करायचं?"

"म्हणजे?"

"अध्यक्ष तुमच्या जाण्याची वाट बघतायत. आता मीही त्यांच्याच रांगेत उभी राहू? मला नाही जमायचं. मला तुम्ही हव्या आहात."

वकीलसाहेब उगाच खोकले. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. मला आधी राग आला. मग कळले, की ती म्हणते ते बरोबर आहे आणि मला खुर्ची सोडवत नाही. मेल्यावर द्यायला काय जाते? मेलेल्याला कुठे बसायला खुर्ची लागते?

तेव्हा कलम पाच रद्द समजावे. साप्ताहिक आजच बक्षीसपत्राने सूनबाईच्या नावे केले आहे. वकीलसाहेबांना एकाऐवजी दोन कागद करावे लागले, म्हणून ते खूश आहेत. अध्यक्षांनी यापुढे माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही तरी चालेल. मला वाईट वाटत आहे आणि हलकेही वाटत आहे. दोन्ही एकदम होऊ शकते हे या वयात समजले.

कलम सहा. धाकट्या बहिणीला माझे लोखंडी कपाट. किल्ली तिने शोधावी, मला सापडलेली नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोनदा चष्मा पुसून लिहिले आहे. जे वर लिहिले नाही ते ज्याच्या हाती लागेल त्याचे.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे औषधवाले. मी शुद्धीत आहे, असे त्यांनी चारचौघांत सांगितले.

साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी. यांना माझे माप ठाऊक आहे.

स्थळ: साप्ताहिकाचे कार्यालय, पाहुण्यांच्या खुर्चीवरून. माझ्या खुर्चीवर नवी मालकीण बसली आहे.

दिनांक: अंक छपाईला जाण्याचा गुरुवार.

सही करताना नावाखालचा पहिला शब्द दोनदा लिहावा लागला. मध्ये चष्मा तिसऱ्यांदा पुसला.

(सही)
माजी संपादक