मौजे नांदखोलच्या भोंग्यास जिल्ह्याच्या गाळणीतून वाट मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य जाळे अधिकारी,
जिल्हा संदेशवहन कक्ष,
रत्नागिरी.

विषय : नांदखोल जेटीवरील वादळसूचनेचा भोंगा १ ऑगस्टपूर्वी बोलता व्हावा, यासाठी मुख्य राउटरच्या गाळणीत एक ओळ वाढवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २६ मे २०२५.
२) आपल्या कक्षाचा संदेश : 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे.'
३) माझा स्मरण-अर्ज, दि. १३ जून २०२५.
४) आपल्या कक्षाचे पत्र : 'भोंगा वाजत नसल्याचा पुरावा सादर करणेबाबत.'

महोदय,

मी, खाली सही करणारा, नांदखोल ग्रामपंचायतीत मानधनावर जाळे साहाय्यक आहे. कचेरीच्या लोखंडी कपाटातला राउटर आणि जेटीवरचा भोंगा, ही दोन मंडळी माझ्या देखरेखीखाली आहेत. दोघेही माझ्यासारखेच मितभाषी. पैकी भोंगा एप्रिलपासून मुळीच बोलत नाही, त्याबद्दल हा तिसरा अर्ज. मला माणसांसमोर बोलणे जमत नाही. बोलताना मी समोरच्याच्या चपलांकडे पाहत राहतो. आपल्या चपला मी अद्याप पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे या अर्जात थोडे धीटपणे लिहिले जाण्याचा संभव आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागून ठेवतो.

१. वादळाची सूचना आपल्या कक्षातून निघते, तारेने आमच्या राउटरपर्यंत येते आणि भोंगा वाजतो, अशी मूळ योजना आहे. ही वाट कोणी माणूस रोज आखून देत नाही. प्रत्येक गावचा राउटर शेजारच्या राउटरला ठरावीक वेळाने नमस्कार करतो आणि 'मी आहे, माझ्याकडून या गावाला जाता येते' असे कळवतो. शेजारी ते पुढच्याला कळवतो. अशा ऐकीव माहितीतून आपला मुख्य राउटर साऱ्या जिल्ह्याच्या वाटांची यादी आपली आपणच तयार करतो. एखादी वाट तुटली तर न रागावता दुसरी शोधतो. ही व्यवस्था इतकी सुसंस्कृत आहे की ती माणसांच्या हाताखाली चालते यावर माझा विश्वास बसत नसे. एप्रिल महिन्यात तो बसला.

२. एप्रिलमध्ये मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामाच्या राउटरने, चुकीच्या जोडणीमुळे, 'सगळ्या जगाची वाट माझ्याकडूनच जाते' अशी घोषणा केली, आणि मुख्य राउटरने ती भाबडेपणाने खरी मानली. अर्धा दिवस जिल्ह्याचा पत्रव्यवहार त्या गोदामात जाऊन पडत होता. (काही नस्त्यांच्या बाबतीत हा प्रवास नेहमीपेक्षा जलद झाला, असे ऐकिवात आहे.) यावर आपल्या कक्षाने तत्परतेने मुख्य राउटरवर गाळणी बसवली. कानावर आलेल्या वाटांपैकी कोणत्या यादीत घ्यायच्या आणि कोणत्या नाहीत, हे गाळणी ठरवते. तीत एकच ओळ लिहिण्यात आली : गोदामाने सांगितलेली वाट नाकारावी. निर्णय अगदी रास्त होता. परंतु अशा प्रत्येक गाळणीच्या तळाशी, कोणी न लिहिताही, एक अदृश्य ओळ असतेच : वर ज्यांना परवानगी नाही, ते सर्व नाकारावेत. तिच्या आधी 'बाकी सर्वांना येऊ द्यावे' एवढे लिहायचे राहून गेले. अशा रीतीने एका गोदामाला दार लावताना सगळा किनारा अंगणात राहिला.

३. चूक माणसाच्या हातून होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तिच्या दुरुस्तीबद्दल आहे. राहिलेली ओळ लिहिण्याऐवजी आपल्या कक्षाने, ज्या गावाची तक्रार येईल त्या गावापुरती परवानगीची एकेक ओळ लिहिण्याचे धोरण स्वीकारले. पूर्णगडने तक्रार केली, पूर्णगडला ओळ मिळाली. शेजारच्या गावांनी केली, त्यांना मिळाली. नांदखोलने तक्रार केली नाही असा ठपका आमच्यावर ठेवण्यात आला आहे, म्हणून नम्रपणे नमूद करतो की त्या गावांच्या तक्रारी तोंडी घेतल्या गेल्या; त्यानंतर तक्रारींसाठी सुरू झालेल्या संकेतस्थळावर आधी 'गाव निवडा' असे विचारले जाते, आणि तेथे निवडण्यासाठी जी गावे दिसतात ती मुख्य राउटरला ज्यांची वाट ठाऊक आहे तेवढीच असतात. म्हणजे ज्यांचे सुरळीत चालले आहे, त्यांनाच तक्रारीची मुभा आहे. नाइलाजाने मी पूर्णगडच्या नावाखाली नांदखोलची तक्रार केली. आपल्या कक्षाने त्याच दिवशी पूर्णगडचा भोंगा तपासला, तो उत्तम वाजला, आणि तक्रार निकाली निघाली. पूर्णगडच्या लोकांना भर दुपारी उगाच झोपेतून उठावे लागले, त्याबद्दल मी त्यांचीही क्षमा मागितली आहे.

४. यानंतर मी मोठे धैर्य करून आपल्या कक्षात दूरध्वनी केला. आपले कनिष्ठ अभियंता अत्यंत सौजन्याने बोलले, आणि त्यांना विषयाची पूर्ण जाण आहे हे मी मुद्दाम नोंदवतो. ते म्हणाले, “अहो घवाळी, मला कळत नाही का? एक ओळ आहे. हातातला चहा गार व्हायच्या आत टाकीन. पण ओळ टाकायची तर नस्ती हवी. आणि नस्ती उघडायची, तर आधी तुमचं गाव पडद्यावर चालू दिसायला हवं.” मी म्हणालो, ओळ नाही म्हणून तर ते दिसत नाही. यावर ते मनापासून म्हणाले, “तेच तर!” माझे इतके एकमत याआधी कोणाशी झाल्याचे मला आठवत नाही. आपल्या पडद्यावर नांदखोलचा कोणताही बिघाड दिसत नाही, हे त्यांचे म्हणणेही बरोबर आहे. जे गावच नाही त्यात बिघाड कोठून येणार?

५. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, ती नस्तीस जोडली नाही तरी चालेल. आमचा राउटर आजही नेमाने नमस्कार करतो. त्याला नमस्काराचे उत्तरही येते. नांदखोल नावाचे गाव आहे हे आपला मुख्य राउटर आजही ऐकतो, स्मरणातही ठेवतो. फक्त वाटांच्या यादीत घेत नाही. ओळख आहे, आठवण आहे, येणेजाणे तेवढे नाही. संध्याकाळी कचेरी बंद करताना मी कपाटाची काच पुसतो, तेव्हा त्याचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर असे पुष्कळ नमस्कार मी केले आणि घेतले आहेत. यंत्रांनाही ते जमू लागले, ही प्रगतीच म्हणावी लागेल.

६. पंचायतीची इतर कामेही या प्रकाराने अडली आहेत. परंतु कामे अडण्याची गावास सवय असल्यामुळे त्याविषयी मी लिहीत नाही. भोंग्याचे तसे नाही. मे महिन्यात वारा फिरला त्या दुपारी आपल्या कक्षाने सूचना अगदी वेळेवर सोडली, याबद्दल कक्षाचे अभिनंदन. किनाऱ्यावरचे भोंगे वाजले. आमच्या जेटीवर पूर्णगडचा भोंगा पुसट ऐकू आला, आणि आपला गप्प आहे हे पाहून जेटीवरच्या मंडळींनी ठरवले की वादळ पूर्णगडला आहे. हसू नये. आपल्या गावच्या भोंग्यावर माणसे अशीच विसंबतात. दुसऱ्याच्या दारची घंटा वाजली म्हणून आपण आपले दार उघडत नाही. माझा वर्गमित्र अदनान होडेकर त्या वेळी खाडीबाहेर होता. त्याला परत बोलवायला कोणी गेले नाही. तो दिवेलागणीला आला तेव्हा होडीचे सुकाणू मोडले होते, जाळे समुद्रात सोडून द्यावे लागले होते आणि उजवा खांदा सांध्यातून निघाला होता. त्याचे वडील युसुफचाचा तोवर भोंग्याचा खांब धरून उभे होते. मला पाहून ते म्हणाले, “समर्था, ह्यो खांब काय कावल्यांना बसायला उभा केलास काय रे?” मी सवयीप्रमाणे त्यांच्या चपलांकडे पाहू लागलो. त्या दिवशी ते अनवाणी धावत आले होते.

७. त्यानंतर खास ग्रामसभा झाली. सरपंच मालनताईंनी विषय थोडक्यात मांडला : “जिल्ह्याचा भोंगा बोलेल तेव्हा बोलेल. तोवर आपला समर्थ ओरडेल. तोंड आहे ना त्याला? लिहा ठराव.” मी विरोध नोंदवला; तो कोणास ऐकू न गेल्यामुळे ठराव एकमताने संमत झाला. तदनुसार, मोबाइलची रेंज केवळ सड्यावर, म्हणजे गावावरच्या पठारावर, येत असल्याने, मी सड्याच्या कातळावर बसून आपली सूचना फोनवर पाहायची आणि खाली जेटीच्या दिशेने ओरडायचे, असे ठरले आहे. माझ्या पदनामात 'भोंगा (प्रभारी)' अशी वाढ झाली असून मानधन पूर्ववत आहे. पहिल्या सरावानंतर युसुफचाचांनी अभिप्राय दिला, “आवाज आला रे बाबा. पण भोंगा वाटला नाय. कोणतरी मुलगी मागायला आलंय नि दारातच लाजत उभं हाय, असं वाटलं.” अदनान गळ्यात हात अडकवून बसला होता, तो खालून ओरडला, “भोंग्या, जरा पोटातून!” त्याचा तो आवाज, दुखत्या खांद्यासकट, माझ्यापेक्षा कितीतरी लांब गेला. तेव्हापासून गावात माझे हेच नाव पडले आहे. ज्या माणसाने आयुष्यात पेरू विकणाऱ्यालाही हाक मारून थांबवले नाही, त्याच्याकडे शासनाने आणि गावाने मिळून हे काम सोपवावे, यातील विश्वास मला भारावून टाकतो.

८. संदर्भ क्र. ४ अन्वये आपल्या कक्षाने भोंगा वाजत नसल्याचे ध्वनिमुद्रण मागितले होते. भोंग्यासमोर उभे राहून मी त्याचे न वाजणे मुद्रित करून पाठवले. त्यावर, 'मुद्रणात लाटांचा, कावळ्याचा व एका इसमाच्या खोकल्याचा आवाज येत असल्याने शांतता सिद्ध होत नाही' असा शेरा आला. इसम म्हणजे युसुफचाचा. त्यांना समज दिली आहे. कावळ्यास कळवले आहे. लाटांच्या बाबतीत सक्षम प्राधिकारी कोण, याचे मार्गदर्शन व्हावे.

९. आमच्या गावी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. निम्मी घरे मुंबईकरांची. ज्यांना रजा मिळत नाही, त्यांच्या दाराला कुलूप असते. तरी पालखी त्या अंगणात थांबते. खांदेकरी उगाच ताटकळले असे कोणी म्हणत नाही. शेजारीण आपल्या घरचा नारळ आणून पुढे करते, बंद दाराच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते आणि मग पालखी उठते. कोणाचे नाव घ्यायचे राहिले तर गुरव शेवटी 'आणि जे कोणी राहिले असतील, त्यांचेही' असे म्हणतो. लहानपणापासून मला हे वाक्य फार आवडते; कारण राहून जाणाऱ्यांपैकी मी आहे. आपल्या गाळणीत नेमके हेच वाक्य लिहायचे राहिले आहे. ते राउटरच्या भाषेत गुरवाच्या वाक्याहूनही आखूड आहे. गोदामाला नाकारणारी ओळ आहे तशी वर राहू द्यावी, आणि तिच्यामागून बाकी सर्वांना येऊ द्यावे. हे धोरणात बसत नसेल, तर निदान नांदखोलपुरती एक ओळ द्यावी. मागे येणाऱ्या गावांनी आपापले अर्ज आपापल्या दुःखाने करावेत.

१०. तातडीचे कारण असे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. अदनानचा खांदा बसला आहे आणि १ ऑगस्टला तो नवे जाळे घेऊन जाणार आहे. त्याला अडवणे कोणाच्या हाती नाही; समुद्रात जाणे हेच त्याचे काम आहे.

माझा आवाज कोठवर पोहोचतो हे पाहण्यासाठी गेल्या आठवड्यात युसुफचाचा छोटी होडी घेऊन खाडीत उतरले. ऐकू येईल तोवर त्यांनी हात वर धरायचा, असे ठरले होते. मी सड्यावरून ओरडत राहिलो. होडी सुरूच्या बनापुढे गेली, हात वर होता. खाडीच्या तोंडाशी पाण्यातल्या खडकांचा काळा खडप आहे, तेथवर वर होता. खडपाशी तो खाली आला. मी ओरडतच होतो; होडी वळून माघारी येईपर्यंत ओरडत होतो.

अदनानची जाळी खडपाच्या पलीकडे लागतात. भोंगा तेथे सहज ऐकू जात असे.

परवा नवे जाळे विणताना तो मला म्हणाला, “आता भ्या नाय. तू हाय ना वर. तू हाक मार, मी वलतो.” मी बरे म्हणालो. त्या दिवशी हात कोठे खाली आला, हे युसुफचाचांनी त्याला सांगितलेले नाही. मीही सांगितलेले नाही. आम्हां दोघांखेरीज हे केवळ आपणास, लेखी, कळवत आहे.

काळ्या खडपापर्यंतच आपला,

(सही)
समर्थ सदाशिव घवाळी
जाळे साहाय्यक व भोंगा (प्रभारी),
ग्रामपंचायत नांदखोल, ता. जि. रत्नागिरी.
दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.
२) भोंगा न वाजल्याचे सुधारित ध्वनिमुद्रण (खोकला वगळून, लाटा वगळता आल्या नाहीत).
३) गाळणीत टाकावयाची ओळ. तयार आहे, फक्त टंकायची आहे.