दाराएवढा स्पीकर

९ ऑक्टोबर १९५६

हुकूम आला! नवं राज्य होतंय, म्हणून आमचं ऑफिस भोपाळला. महिन्याभरात हजर व्हायचं. वडिलांना, म्हणजे भय्यासाहेबांना, सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "तुम्ही दोघं जा. मी उज्जैन सोडणार नाही." आई गेल्यापासून वर्षभर या माणसानं तबल्याला हात लावलेला नाही, खोलीबाहेर येणंही नाही. यांना एकटं टाकून कसा जाऊ?

१३ ऑक्टोबर

निदान गाणं ऐकायला तरी बाहेर येतील! रेडिओच्या स्पीकरचा कागदी पडदा काढला, उरलेला भाग दाराएवढ्या पातळ फळीला चिकटवला. एवढी फळी हलली की आवाज घरभर होणार, असा माझा तर्क. फ्रीगंजचा सुतार म्हणाला, "भैयाजी, ये रेडियो है कि किवाड़?" हसू दे.

१६ ऑक्टोबर

वाजला! बाई समोर बसून गातेय असा स्वच्छ गळा. पण फळीसमोर मधोमध बसलं तरच. हातभर सरकलं की आवाज विझतो. बायको, चारुलता, स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "अहो, इकडे नुसती खुसरफुसर येतेय!" मधली जागा अर्थातच भय्यासाहेबांची. आले! दोन मिनिटं ऐकलं, विचारलं, "डग्गा कुठाय?" — आणि उठून गेले.

२१ ऑक्टोबर

त्यांचं खरं आहे. खर्जातलं, म्हणजे डग्ग्याचं, काही येतच नाही. फळीच्या पुढचा आणि मागचा आवाज कडेला भेटून एकमेकांना खातात. भिंतीपासून दूर ओढली, कडांना गाद्या टेकवल्या — काडीचा फरक नाही. तबलजी एका हातानं वाजवतोय असं वाटतं. चिडून लाथ घातली. बायको म्हणाली, "पाय मोडून घ्या, म्हणजे भोपाळला डोलीतून न्यावं लागेल!"

२४ ऑक्टोबर

इंदूर केंद्रावर ख्याल होता. भय्यासाहेब पुन्हा मधोमध. "छे, हे लंगडं!" म्हणत आत गेले. संपलं, वाटलं. तर डग्गा घेऊन आले! फळीतून जे येत नव्हतं ते हातानं भरू लागले. आधी दोनदा चुकले, स्वतःवरच चिडले, मग लय सापडली. चारुलता कणकेच्या हातांनीच येऊन बसली. मी रडलो. इथे लिहायला लाज कसली!

२८ ऑक्टोबर

जेवताना म्हणाले, "विनायक, डग्गा सामानात बांधू नकोस. भोपाळच्या गाडीत मी मांडीवर घेऊन बसेन."