वन्संचा डबा

हौगांग, सिंगापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सुमित्रावन्सं यांना,

नंदाचा इथूनच वाकून नमस्कार. गुडघे असे झालेत की समोर आले तरी एवढंच वाकता येईल, तेव्हा अंतराला दोष देऊ नका.

तुमचा डावा कान काय म्हणतो? परेशने ऐकायचं यंत्र आणून दिलं आणि तुम्ही ते कपाटात ठेवलंत, हे कळलं. लोक बोलतात त्यातलं निम्मं ऐकण्यासारखं नसतंच, असं म्हणालात म्हणे. खरं आहे. पण म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. तुम्हाला फोन करावा तर तुमचे चिरंजीव तो स्पीकरवर टाकतात, आणि माझ्या पोटातलं सगळं सुनेला, नातवंडांना आणि दारात आलेल्या दूधवाल्यालाही कळतं. काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात. म्हणजे तसं काही विशेष नाही हो. प्रवासाचं वर्णन लिहिते आहे, एवढंच.

तर मी जॉर्जियाला जाऊन आले. नकाशात शोधायला गेलात तर चष्मा लागेल. तुर्कस्तानच्या पलीकडे, रशियाच्या पायाशी, आपल्या महाराष्ट्राच्या चतकोरभर देश. पण त्या चतकोरात देवाने काय काय कोंबलंय! वर बर्फाचे डोंगर, खाली द्राक्षांचे मळे, एका कडेला समुद्र आणि दुसरीकडे जत-आटपाडीसारखं उघडंबोडकं माळरान. सकाळी स्वेटर घालायचा, दुपारी काढायचा, संध्याकाळी कुठल्या पिशवीत ठेवला ते शोधत बसायचं.

इथल्या मराठी ज्येष्ठांना बँकेतला प्रबोध आणि त्याची बायको अवनी दरवर्षी कुठेतरी हाकून नेतात. मी दरवर्षी नाही म्हणायचे. या वेळी आमच्या ईशाने माझं काही चालू दिलं नाही. "आई, जस्ट गो लाह! एव्हरी इयर यू से नेक्स्ट इयर," असं म्हणून तिने परस्पर माझं नाव दिलं. लेक चाळिशीला आली, बँकेत मोठी साहेबीण झाली, पण बोलते अजून शाळेच्या बसमधून उतरल्यासारखी.

डोंगर म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं, वन्सं. त्याला जबाबदार तुमचा अभय. आंबा घाटात पहिल्या वळणाला त्याचा चेहरा पिवळा व्हायचा आणि तुम्ही पदराच्या गाठीतून लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरायचात. लग्नानंतर ते लिंबू माझ्या पर्समध्ये आलं. मग आम्ही उभा जन्म सपाटीवरच काढला. सुट्टी म्हटली की समुद्रकिनारा. इथे बुकिट तिमाह नावाची टेकडी आहे, तिला लोक डोंगर म्हणतात. वासरात लंगडी गाय शहाणी. त्यामुळे तिब्लिसीहून आमची बस जेव्हा काझबेगीच्या घाटात वळली आणि समोर ते पांढरंशुभ्र शिखर उभं राहिलं, तेव्हा मी काय केलं असेल? पर्समध्ये लिंबू चाचपलं. आणि मग माझं मलाच हसू आलं आणि रडूही आलं.

दिलीपरावांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

हे दिलीपराव ठोसर शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. जहाजावर चीफ इंजिनिअर होते, मूळचे अलिबागकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कॅनडात. पत्रात त्यांचं नाव मधूनमधून येईल, कारण बसमध्ये माझ्या शेजारची जागा त्यांची होती. जागा अवनीने लावल्या होत्या, मी नाही.

वरती ढगांत एक जुनं दगडी देऊळ आहे, म्हणजे चर्च. आत जाताना बायकांनी डोकं झाकायचं. बाकीच्या बायका दारातल्या टोपलीतले रुमाल शोधत होत्या, आम्ही ओढण्या नि पदर घेऊन सटासट आत. इराणी आले, तुर्क आले, रशियन आले, सगळे येऊन लुटून गेले आणि ही माणसं आपली डोंगरावर देवळं बांधत आणि खाली द्राक्षं लावत राहिली. वर स्वानेती म्हणून भाग आहे, तिथे घरटी एकेक दगडी बुरूज. मी विचारलं, परकीयांच्या भीतीने का? तर आमची गाईड, नीनो नावाची चुणचुणीत पोर, म्हणाली की परक्यांच्याही आणि शेजारच्या घराच्याही. म्हणजे भाऊबंदकी! मला अगदी सांगलीत आल्यासारखं वाटलं.

दिलीपराव म्हणाले, मी साठ देश पाहिले म्हणजे साठ धक्के पाहिले; बंदराच्या फाटकापलीकडे कधी गेलोच नाही. माणूस तसा कमी बोलतो. बोलला की मात्र ते लक्षात राहतं. पुन्हा त्यांचंच नाव आलं का? येऊ दे.

आता आमची फजिती ऐका. तिथे खिन्काली नावाचा पदार्थ असतो. हुबेहूब आपला मोदक, पाऱ्यासुद्धा तशाच, फक्त आत बटाटा, चीज किंवा मटण. वरचं नाक हातात धरून खायचं आणि ते नाक ताटात तसंच ठेवायचं. किती खाल्ले ते घरच्या बाईला त्यावरून कळतं. आम्हाला कोण सांगणार? आपण पडलो पानात काही टाकायचं नाही म्हणणारी माणसं. आम्ही नाकासकट सगळं फस्त केलं. ताटं लख्ख! त्या बाईला वाटलं, पाहुण्यांनी अजून काही खाल्लंच नाही. तिने पुन्हा वाढलं. आम्ही पुन्हा ताटं पुसली. ती बिचारी आत पळते, पुन्हा पीठ मळते, आणि आम्ही अन्नाचा अपमान नको म्हणून डोळे बाहेर येईस्तोवर गिळतोय. शेवटी नीनो बाहेरून आली तेव्हा उलगडा झाला आणि हसून हसून सगळे आडवे झाले.

ते घर होतं काखेतीमध्ये, द्राक्षांच्या मुलखात. तोडणीचे दिवस होते. घरधनी वाख्तांग आणि त्याची बायको एतेरी, माझ्याच वयाची. तिला इतकं काम लावल्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात शिरले आणि पाऱ्या वळायला बसले. एकमेकींची भाषा येत नाही, पण हात ओळखीचे. माझा मोदक बघून तिने माझ्या गालाचा मुका घेतला. मग आपल्या बोटातली अंगठी दाखवून खुणेने विचारलं, नवरा? मी वर आकाशाकडे हात केला. तिने डोळे मिटून मान हलवली आणि पुढची लाटी माझ्या हातात दिली.

मी तिला डब्यातले उरलेले बेसनाचे लाडू दिले. हा डबा कुठला, ते आता सांगायला हवं. तुमचाच आहे. आम्ही पहिल्यांदा सिंगापूरला निघालो तेव्हा तुम्ही डिंकाचे लाडू भरून दिला होतात तो, झाकणावर 'सुमित्रा' कोरलेला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुम्हीच शिकवलंत, आणि मी तो परतच केला नाही. लबाडच आहे मी.

तर दिलीपरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्या डब्यातून मुगाची खिचडी पाठवली होती. तो चार केळी कोंबून परत आला. कोणाची केळी फुकट कशी खायची, म्हणून मी थालीपीठ पाठवलं. मग त्यांच्याकडून पपई आली. माझ्याकडून साटोऱ्या गेल्या. असं करता करता एक दिवस त्या डब्यात घावन आले, त्यांनी स्वतः केलेले, फाटके, एक बाजू करपलेले. तेव्हा मी पहिल्यांदा तो डबा जरा वेळ नुसताच हातात धरून बसले. ईशा म्हणायची, आई, हे थांबणार कधी? मी म्हणायचे, रिकामा पाठवायला कोणी तयार नाही, थांबणार कसं?

वन्सं, हे मी कधीचं लिहायचं टाळते आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्हाला कमी ऐकू येतं, कमी दिसत नाही.

त्या दुपारी अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लांबलचक टेबल मांडलं. त्यांच्याकडे जेवताना नुसतं जेवत नाहीत. घरधनी उभा राहून एकेका गोष्टीच्या नावाने प्याला उचलतो आणि मग एखाद्या पाहुण्यावर बोलायची पाळी सोपवतो. ज्याच्यावर पाळी आली त्याने मनातलं बोलायचं, नाही म्हणायचं नाही. घाबरू नका, माझ्या प्याल्यात द्राक्षाचा रस होता. बरं, खोटं कशाला बोलू, नंतर एक घोट वाइन घेतली. आंबट होती.

वाख्तांगने गेलेल्यांच्या नावाने प्याला उचलला आणि पाळी माझ्यावर सोपवली. एतेरीने सांगितलं असणार. मी उठले, इंग्रजी सगळं पळून गेलं. मग मराठीतच बोलले. म्हटलं, माझ्या नवऱ्याला घाट लागायचा, म्हणून मी कधी डोंगर पाहिला नाही, आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही. आज पाहिला. तो असता तर इथवर येईपर्यंत बसमध्ये सगळ्यांची त्रेधा उडवली असती, आणि उतरल्यावर सगळ्यात जास्त त्यानेच खाल्लं असतं. आमची मंडळी हसली. शब्द न कळता एतेरीने डोळे पुसले.

मला वाटलं, आता सगळे गप्प बसतील. पण त्यांचा रिवाज असा की गेलेल्यांच्या प्याल्यावर थांबायचं नाही. त्याच्या मागोमाग जगण्याच्या नावाने प्याला उचलायचा. आणि ती पाळी वाख्तांगने दिलीपरावांवर टाकली.

ते उठले. खुर्ची मागे सारली, पुन्हा पुढे घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला इंजिनाचं कळतं, माणसांचं फारसं कळत नाही. पण नंदाताईंच्या घरून डबा येतो तो दिवस चांगला जातो. सगळे दिवस तसे जावेत असं मला वाटतं. त्या हो म्हणतील तर."

आणि बसले! चारचौघांत! प्रबोधच्या हातातला पाव तसाच राहिला. नीनो विचारतेय, काय म्हणाले, काय म्हणाले, आणि अवनी नुसतीच रडतेय. सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं, वन्सं. साठी उलटून गेलेल्या बाईचे कान किती गरम होऊ शकतात ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "डबा माझा नाही. माझ्या वन्संचा आहे. त्यांना विचारावं लागेल."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. वाख्तांगने अर्थ न कळताच प्याला रिकामा केला. पण मी गंमत करत नव्हते.

अभय गेल्यावर मी सांगलीला आले, तेव्हा बायका माझं कुंकू पुसायला पुढे झाल्या होत्या. तुम्ही मधे उभ्या राहिलात. "हात लावायचा नाही. ती माझ्या घरची आहे," म्हणालात. आई-वडील गेल्यावर मला माहेर उरलं नव्हतं. त्या दिवशी मिळालं. सात वर्षं मी त्या एका वाक्याच्या आधारावर उभी आहे, आणि आज त्याच वाक्याने अडले आहे. दिलीपराव चांगले आहेत. ईशाला आनंद आहे. मला हवे आहेत, हे तुम्हाला सरळ सांगते. या वयात लाजून वेळ कशाला घालवायचा? पण मी हो म्हटलं तर मी तुमच्या घरची राहीन का? तुम्हाला वन्सं म्हणू शकेन का? ते नाव गमावून मला सुख नको. हे मी दिलीपरावांनाही सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी सांगितल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही. भाऊबीजेची तुमची ओवाळणी दरवर्षी अभयच्या नावाने जाते, ती जातच राहील, हेही त्यांनीच आधी बोलून दाखवलं.

आमच्या मजल्यावरची ऋता दिवाळीला सांगलीला येते आहे. तिच्याबरोबर हे पत्र आणि तुमचा डबा पाठवते आहे. काल लिटिल इंडियातून बेसन, वेलची आणली होती, पण लाडू केले नाहीत. डब्यात एतेरीने भरून दिलेलंच आहे: अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या. मेणबत्तीसारख्या दिसतात, पण खायच्या असतात. दाताला जपून.

फोन करू नका. परेश स्पीकर लावेल, आणि तुम्हाला तोंडाने असलं काही बोलणं जमणारही नाही, मला माहीत आहे. ऋता भाऊबीज करून परत यायची आहे. तिच्याबरोबर डबा पाठवा. तुम्ही आजवर कोणाचा डबा रिकामा धाडला नाहीत. हा रिकामा आला तर मी समजेन, आणि रागावणार नाही; घासून फळीवर ठेवीन. आणि भरलेला आला, तुमच्या हातची एक चकली जरी त्यात असली, तर त्यातली अर्धी मी शेजारच्या ब्लॉकमध्ये घेऊन जाईन.

झाकण नीट बसत नाही, जॉर्जियात जरा चेपलं. नाव मात्र स्वच्छ वाचता येतं.

डब्याची वाट बघणारी, आणि तुम्ही म्हणाल तोवर तुमच्याच घरची,
नंदा