पडद्यावरच्या बाईसमोर आमचं खानदान

रोहणा,
तान्हा पोळा, २००७

आमचे थोरले साळे आन् येत्या माघात व्याही होनारे भैय्याजी यायले रोहण्याहून किसनरावाचा वाकून रामराम. इकडं बैलंढोरं, मानसं समदे बरे हायेत. नाचणगावाले पानी कसं हाये, वहिनीचे गुडघे कसे हायेत, ते कळवजा.

झालं असं का, आमच्या प्रफुलच्या कॉलेजात सिकलसेलची, म्हंजे रक्ताच्या खानदानी आजाराची, तपासनी झाली आन् पोट्टा 'वाहक' निघाला. (म्हंजे त्याले सोताले काई होत नाई, पन बायको बी तशीच निघाली तं लेकराले आजार होऊ शकते. तो 'वाहक' म्हनला तवा मले वाटलं, यष्टीत कंडक्टर लागला.) वर्ध्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हने, खानदानी आजाराची मोठी डॉक्टरीन इथं नाई, मुंबईले बसते, पन दर गुरुवारी पडद्यावर येते, तुमी तिले पाहाल, ते तुमाले पाहीन. भैय्याजी, टीव्ही आपुन पाहावा. टीव्हीनं आपल्याले पाहावं, हा काय उफराटा धंदा! धुतलेलं धोतर, टोपी, समदं घालून बसलो.

बाईनं इचारलं, घरान्यात कोन कोन, कोनाले काय आजार? आता तुमीच सांगा, आपल्याकडं खानदान इचारतेत ते फक्त सोयरीक जमवताना. सवयीनं माही गाडी सुटली. आजा मरेपर्यंत ज्वारीची भाकर चावत होता, घरान्यात कोनाले साधी शिंक नाई, वावर वलिताचं, बोट ठेवाले जागा नाई! बाई काई लिवूनच घेत नव्हती. मंग म्हने, काका, मी स्थळ पाहाले नाई आली. लहानपनी कोन गेलं ते सांगा. नवरी, म्हंजे तुमची प्रेरणा, नवरदेवाच्या मामाचीच पोट्टी हाये हे मी अभिमानानं सांगितलं, तं तिनं कागदावरच्या दोघाइच्या मधात एकाच्या जागी दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ काऊन, हे इचाराची माही हिंमत झाली नाई (रक्ताच्या नात्यातल्या लग्नाले तशी मारतेत, हे प्रफुलनं मांगून सांगितलं).

तेवढ्यात मांगून तुमची बहीन बोलली. माहा लहाना भाऊ श्रावण, म्हने, हातपाय धरून रडे, अंग पिवळं पडे, शाळेत जायच्या आंधीच गेला. भैय्याजी, माह्या अख्ख्या संसारात वच्छलानं त्याचं नाव काहाडलं नाई, आन् काहाडलं ते एका काचेपुढं! (तुमच्या घरचे तं मले तापानं गेला म्हनत होते.) बाईनं ते मातर लिवून घेतलं. मंग म्हने, प्रेरणाचं रक्त लग्नाआंधी तपासा. दोघं बी वाहक असले तं चौघांत एक लेकरू आजारी होऊ शकते. मी लगेच तोडगा काहाडला, मंग तीनावरच थांबू! तसं नाई काका, म्हने, दर खेपेले नव्यानं तोच धोका. हे म्हनता म्हनता तिचं तोंड उघडंच राह्यलं आन् हात हवेत. मी हात जोडून गप बसलो. मोठं मानूस इचार करून राह्यलं, मधात कायले बोला? लय वेळानं शिपाई आला आन् म्हने, लाईन तुटली, उठा. मी जाता जाता पडद्याले रामराम केला.

बाकी समदं ठीक. लहानायले आशीर्वाद, मोठ्यायले दंडवत.

तुमचा,
किसन

ता. क. खरं काम लिवाचं राह्यलंच. प्रेरणाले वर्ध्याले नेऊन तिचं रक्त तपासून घेजा. तुमच्या पोट्टीत खोट काहाडून राह्यलो, असं बिलकुल समजू नका. वच्छलानं आन् मी बी दिलं.

ता. क. दुसरं. वरचं काम रद्द. प्रफुल आत्ता सांगून राह्यला का प्रेरणा मांगच्याच हप्त्यात सोताहून जाऊन रक्त देऊन आली. येत्या गुरुवारी बाई निकाल सांगनार हाये. पोट्टीनं निरोप धाडला, बाबाले तुमीच समजवा, मले त्याइच्या रागाचं भेव वाटते. तवा समजवलं असं धरा.

ता. क. तिसरं. रागावू नका, पन गुरुवारी याच. दोघं बी वाहक निघाले तं लग्न करा का मोडा, हे बाई सांगत नाई म्हने. ते ज्याचं त्यानं ठरवाचं. प्रफुल म्हनते, मी दुसरी करनार नाई. वच्छला म्हनते, मले दुसरा श्रावण पाहाचा नाई. दोघं बी माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले. पडद्यासमोर खुर्च्या दोनच हायेत, तिथं पोरं बसतीन. तुमी माह्याजवळ उभे राहाजा, भैय्याजी. एकट्यानं मले ते ऐकवनार नाई.