ताईच्या ताटातलं

चिरंजीव मेहुणेबुवा यांस,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता बरी असेल. नसली तरी तू फोनवर बरी आहे असंच सांगशील, तेव्हा विचारून उपयोग नाही. इकडे तुझी ताई व मी मजेत आहोत. (मजेत म्हणजे काय, ते पुढे येईल.)

हे वृद्धनिवास तू शोधलंस, त्याबद्दल तुझे आभार मानावेत की कान धरावा, हे अजून ठरत नाही. इथे आजार अंगावर यायच्या आधीच ओळखतात, असं तू मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस. खरं आहे. आमच्या मजल्यावरच्या मुख्य सिस्टरना आम्ही दुर्बीणबाई म्हणतो. कोण पाय ओढतो, कोण जिन्यात थांबतो, कोणाचं ताट अर्धं परत जातं, सगळं त्यांच्या नजरेत असतं. शेजारचे निवृत्त मास्तर एकदा नुसते गप्प बसले, तर त्यांना रक्त तपासायला नेलं. बिचाऱ्यांचा चष्मा हरवला होता.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यापासून ताई जेवता जेवता थांबते. चमचा हातात असतो आणि पुढे काय करायचं ते तिला सुचत नाही. बाईंना हे कळलं तर तिला अंगणापलीकडच्या, विसर पडणाऱ्यांच्या इमारतीत हलवतील. तिथे दाराला कुलूप असतं आणि नवऱ्याला भेटीच्या वेळेतच प्रवेश. म्हणून मी डोकं चालवलं. बाईंची पाठ वळली की माझं रिकामं ताट तिच्यापुढे सरकवायचं आणि तिचं भरलेलं आपण संपवायचं. (ती उपाशी राहत नाही. खोलीत गेल्यावर दूधपाव मी भरवतो.) तिला कोणी काही विचारलं की उत्तर मी देतो. तुझ्या फोनवर 'हो रे, बरी आहे' म्हणते ना, तेही मी कानात सांगितलेलं असतं. तुला कधी शंका आली नाही, हे तुझ्या स्वभावाला धरूनच आहे.

परिणाम काय, तर दुर्बीणबाईंच्या नजरेत मी भरलो. भूक वाढली, वजन वाढलं, बडबड वाढली, बायकोला बोलू देत नाही, म्हणजे सगळी लक्षणं माझ्यात. ताईचं मात्र कौतुक, आजी किती छान जेवतात म्हणून. डॉक्टरांनी तपासलं, तर माझी साखर खरोखरच वाढलेली निघाली. रोज दोघांचं पुडिंग एकट्याने रिचवल्यावर दुसरं काय होणार? सोमवारपासून मला दवाखान्यात ठेवणार आहेत. हसू नकोस. मला फार भीती वाटते आहे. रागही येतो, कोणावर ते विचारू नकोस.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो आता कामाला लावायची वेळ आली आहे.

तुझ्या ताईचा नवरा

ता.क. सोमवारी सकाळीच ये. इथे पाहुण्यांना जेवता येतं. ताईच्या शेजारी बस आणि तिच्या ताटातलं संपव. तुझी भूक मी माझ्या लग्नापासून बघतो आहे, ही कामगिरी तुला जड जाऊ नये.

दुसरा ता.क. पाकीट बंद करायच्या आधी ताईने पत्र हातात घेतलं आणि सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. नीट घडी घालून परत देताना म्हणाली, "नवरा चांगला आहे हो. पण त्याच्या बायकोला वेळेवर डॉक्टरांना दाखवायला हवं होतं."

तेव्हा ये, पण जेवायला नको. दुर्बीणबाईंना सगळं सांगायचं आहे, आणि ते माझ्या एकट्याच्या तोंडून निघणार नाही.