दर शाळेमागे दोन छड्या

३ जुलै १९७८, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये. कौसल्या वाचणार नाही, तिला नवऱ्याचं अक्षर लागत नाही.

हुकूम हातात पडला. 'शाबासकी योजना', आणि तिचा विशेष अधिकारी मी. गुरुजींनी मारायचं नाही. चांगलं वागणाऱ्या पोराला शाबासकी द्यायची, म्हणजे बाकीचे त्याचं पाहून सुधारतात. सध्या हा प्रकार पारशिवनीकडच्या एकाच शाळेत चालू आहे. आमच्या विभागीय ऑफिसनं शाळांना मदत करून तो पन्नास शाळांत न्यायचा. मुदत डिसेंबर. डिसेंबरात अधिवेशनासाठी पुण्याचे मोठे साहेब नागपुरात असतात आणि क्लास टूच्या बढत्यांची यादीही तेव्हाच निघते. यंदा यादीत माझं नाव आहे. म्हणजे असेल.

संकल्प: रागावणार नाही. ओरडणार नाही. ऑफिसात रोज तिघांना शाबासकी.

४ जुलै. रात्री जेवणाआधी
शिपाई देवाजीला म्हटलं, चहा वेळेवर आणलास, शाबास. तो कपबशी घेऊन उभाच. म्हणाला, साहेब, काय काम आहे ते सांगून टाका ना, काहून घाबरवून राहिले. हेडक्लार्क आनंदरावांना म्हटलं, तुमचं अक्षर सुंदर आहे. त्यांनी दुपारी लेखी अर्ज दिला की माझं टेबल बदलू नये. घरी भाजी चांगली झाली म्हटलं तर कौसल्या म्हणाली, कोणाले जेवायले बोलावलं आहे तुमी?

लोक मागासलेले आहेत. काम अवघड आहे, पण माणूस योग्य निवडला आहे.

११ जुलै
पारशिवनी दौरा. जीप नव्हती, एस.टी.नं. पुढे दोन मैल चालत. योजनेची मूळ शाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा. प्रेमिला गजघाटे नावाच्या एकट्या बाई. चार वर्ग, अडुसष्ट मुलं. गोंगाट आहे, पण कामाचा.

पद्धत काय विचारलं. म्हणाल्या, पद्धत-बिद्धत काही नाही जी. सकाळी दारात उभी राहते, एकेकाचं नाव घेऊन आत घेते. कोणाचं तोंड उतरलं दिसलं तं विचारते, काहून गा, काहून वं. अन् कोणी काही चांगलं केलं तं नेमकं काय चांगलं केलं ते त्याले सांगते.

मी म्हटलं, नोंद? नोंद नव्हती. साधा तक्ता नाही! ही बाई चार वर्षं हे करून राहिली आणि सरकारदरबारी काहीच झालेलं नाही. (मीही 'करून राहिली' लिहायला लागलो. दौऱ्याचा परिणाम.)

निघताना म्हणाल्या, साहेब, मदतीलेच आले आहे तं एक गुरुजी द्या. समजावलं की योजना वर्तणुकीची आहे, जागा भरण्याची नाही. त्यांनी मान हलवली. पटलं असावं.

१४ जुलै. सकाळ
एस.टी.त सुचलेली कल्पना, रात्रभर झोप नाही. पन्नास शाळा मारत नाहीत हे साहेबांना दाखवायचं कसं? छडी जमा करायची! प्रत्येक शाळेनं आपल्या छड्या ऑफिसात आणून द्यायच्या आणि पावती घ्यायची. टारगेट, दर शाळेमागे किमान दोन. शिवाय शाबासकीचा फॉर्म. दर मुलामागे आठवड्याला एक शाबासकी, तीन प्रतींत. सायक्लोस्टाइलवर परिपत्रक काढलं.

देवाजीनं शंका काढली की एखाद्या शाळेत छडीच नसली तं? त्याला म्हटलं, अशी शाळा नसते.

९ ऑगस्ट
एकशे चोवीस छड्या! माझ्या खोलीत कपाटाशेजारी रचल्या. बघून छाती भरून येते. इतका मार मी एकट्यानं थांबवला.

देवाजी म्हणाला, साहेब, ह्या तं कालच्याच कापल्या आहेत, पाला लागून आहे. त्याला दूरदृष्टी नाही. ओल्या आहेत याचा अर्थ अगदी कालपरवापर्यंत वापरात होत्या.

२१ ऑगस्ट
आनंदराव सासुरवाडीला कन्हानला गेले होते. आठवडी बाजारात टोपल्या विकणारा 'शाळेची जोडी' म्हणून दोन-दोन छड्या बांधून विकतो म्हणे. गुरुजी लोकांची रांग. आनंदराव हे हसत सांगत होते. मी हसलो नाही. त्रैमासिक अहवालात घातलं: योजनेमुळे ग्रामोद्योगास चालना.

आनंदरावांवर ओरडलो नाही. मोठ्या आवाजात समजावलं. टेबलाची काच फुटली ती वाऱ्यानं.

१८ सप्टेंबर
सत्तेचाळीस शाळांची पूर्तता. दोनशे एकोणऐंशी छड्या. दार पूर्ण उघडत नाही, मी तिरका होऊन आत जातो. देवाजी म्हणतो, आता कुठं ठिऊ, साहेब, तुमच्या खुर्चीवर?

एकच शाळा आडवी आली. पारशिवनीच्या बाईंचा कागद: 'शाळेत छडी नाही.' खाली सही. बस. मेमो काढला, छडी जमा न केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. उत्तर: 'कधीच नव्हती.' दुसरा मेमो, उत्तराची भाषा तुटक असल्याबद्दल. तिसरा, शाबासकीचा फॉर्म कोरा पाठवल्याबद्दल. त्यावर उत्तर की एका मुलाले आठवड्याची एकच शाबासकी कशी पुरन? असं सरकारी कागदावर लिहितात का? चौथा मेमो.

मी रागावलेलो नाही. मेमो हा राग नव्हे.

१६ ऑक्टोबर
आदर्श शाळा सापडली! कन्हानपलीकडची. हेडमास्तर रुपराव गुरुजी. एकट्यांच्या बावीस छड्या जमा, आणि फॉर्म तर असा की आनंदरावही गप्प झाले. एकशे साठ मुलं, आठवड्याला एकशे साठ शाबासक्या, एकही कमी नाही, तीन महिने. गुरुजी स्वतः फॉर्म घेऊन आले होते. म्हणाले, दर शनिवारी हजेरीच्या नंबरानं लाइन लावतो, एकही पोट्टं सुटत नाही, साहेब. मी विचारलं, आणि ज्यानं आठवडाभर शाबासकीजोगं काही केलंच नाही, त्याचं काय? म्हणाले, त्याले तयार करून घेतो.

याला म्हणतात तळमळ. कशी तयार करतात ते विचारायचं राहिलं. गुरुजींची बस होती.

१३ नोव्हेंबर
पारशिवनीला सातवा मेमो गेला, त्यासोबत फॉर्मांचे चार गठ्ठेही. काही उपयोग नाही. पन्नासपैकी एकोणपन्नास शाळा झाल्या आणि पन्नासावी, योजनेची मूळ शाळाच, यादीला डाग. आज प्रस्ताव टाइप केला: असहकाराबद्दल श्रीमती गजघाटे यांची भिवापूरकडे बदली. जिल्ह्याचं दुसरं टोक. त्यांच्या जागी फॉर्म भरणारा माणूस देता येईल.

मनात काही नाही. योजनेपुढे व्यक्ती मोठी नाही. (मी सोडून. मी योजनेचाच भाग आहे.)

२७ नोव्हेंबर
सकाळी ऑफिसात पारशिवनीकडची सात-आठ माणसं. बायाच जास्त. कापूस वेचणीचे दिवस, रोज बुडवून आलेल्या. पुढे सिंधूताई नावाची एक बाई, तिच्या तीन मुली त्या शाळेत. म्हणाली, बाईले काहून पाठवून राहिले तुमी? काय केलं तिनं?

मी तिला फाइल दाखवली. म्हटलं, तेच तर. काही केल्याची नोंदच नाही.

तिनं फाइल बाजूला सारली. मग म्हणाली, माही मधली पोरगी पहिल्या गुरुजीच्या धाकानं दोन वर्षं शाळेत गेली नवती, साहेब. आता तापातई जातो म्हणते. हे कुठं लिहावं लागते ते सांगा, मी अंगठा देतो.

वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, भिवापूरची मिरची चांगली असते, बाईंना मजा वाटेल. कोणी हसलं नाही. देवाजीनं त्यांना पाणी दिलं, मला विचारायचं विसरला. प्रस्तावावर सही केली. आता फक्त साहेबांची बाकी.

१२ डिसेंबर
मोठे साहेब आले. छड्या पाहिल्या. तीनशे एक. साहेबांनी एक छडी उचलून परत ठेवली, भारावले असणार. मग म्हणाले, शाळा दाखवा. परवा कन्हान. रुपराव गुरुजींना निरोप. नवा शर्ट इस्त्रीला. कौसल्याला म्हटलं, बढती झाली की आपण पचमढीला जाऊ. ती म्हणाली, आधी घरात ओरडणं बंद करा, मंग पचमढी.

१४ डिसेंबर. रात्र
लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

शाळा सारवलेली, तोरण, मुलं ओळीत. चिडीचूप. साहेबांना वाटलं असेल काय शिस्त आहे, मला तर वाटलंच. साहेबांनी तिसरीतल्या एका मुलीला पाढा विचारला. तिनं तेराचा घडाघडा म्हटला. साहेब खूश झाले, वाकले आणि म्हणाले, शाबास!

तिनं डोळे गच्च मिटले आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर.

साहेबांना वाटलं खाऊ मागते. त्यांनी विचारलं, हात कशाला, बाळ? ती डोळे न उघडता म्हणाली, आधी हात, मंग शाबासकी. रडलो नाही तं गुरुजी शाबास म्हणते.

साहेबांनी शेजारच्या मुलाला म्हटलं, शाबास. त्याचाही हात. मग सगळी ओळच हात पुढे करून उभी राहिली. कोणी सांगितलंही नव्हतं.

साहेबांनी रुपराव गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, छडी एकही नाही, साहेब, बावीसच्या बावीस जमा आहे, पावती दाखवतो. मी रेघा मारायचा रूळ वापरतो. फॉर्ममधी रकाना होता, भरा तं लागनच ना. त्यांना खरंच कळत नव्हतं की काय चुकलं. ते माझ्याकडे बघत होते, मी सांगेन म्हणून.

 कन्हानला साहेब म्हणाले, तुम्ही इथून बसनं या.

बस स्टँडवर दीड तास उभा होतो. मला लाज वाटली. एकशे साठ मुलं, तीन प्रतींत, आणि दर महिन्याला खाली माझी सही. ही ओळ सकाळी खोडीन.

१५ डिसेंबर. सकाळ
खोडली नाही. शाई सुकली होती.

विचार केला तर दोष फॉर्मचा आहे. छापखान्यात कोणीतरी रकाना जास्त घातला असावा. फॉर्म मीच काढला होता, पण घाईत.

२१ डिसेंबर
यादी लागली. माझं नाव नाही. आनंदरावांनी दोनदा वाचून दाखवली, दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. योजना बंद. रुपराव गुरुजींची चौकशी. माझ्या फाइलवर साहेबांचा शेरा: बदलीचा प्रस्ताव रद्द, गजघाटे बाईंना दिलेले सर्व मेमो विशेष अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन परत घ्यावेत. स्वतः, या शब्दाखाली रेघ.

२३ डिसेंबर. पारशिवनीहून परत आल्यावर
गेलो. एस.टी., मग दोन मैल. बाई दारातच होत्या. मधल्या सुट्टीनंतर पोरं आत घेत होत्या, नावं घेऊन. मी शेवटी उभा राहिलो. त्यांनी माझंही नाव घेतलं.

भाषण तयार केलं होतं, ते आठवलं नाही. म्हटलं, मेमो परत न्यायला आलोय, सातही. बाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, ते तं आता नाही मिळत जी. आत बोट दाखवलं. चौथीची मुलं मांडी घालून गणितं करत होती. माझे सातही मेमो, झाडून सगळे फॉर्म, मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार. एकाच्या कागदावर उलटी माझी सही दिसत होती. त्याचं उत्तर बरोबर होतं.

 पिशवीत उरलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता, रद्दीत टाकायचा म्हणून सोबत घेतलेला. तो बाईंना दिला. त्यांनी दोन कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, साहेब, एकाच बाजूनं छापलं, हे मात्र तुमी लई चांगलं केलं.

नोकरीतली ही माझी पहिली शाबासकी. नोंद कुठे करायची कळेना, म्हणून इथे केली.