टर्बो ठणठणीत आहे

प्रिय ठमे,

आज बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम झालं आणि ते सांगायला तूच हवीस. तुझ्या जन्माच्या वेळी होत्या त्या नर्सबाई अजून लांबलांबच्या बाळंतिणींना बघायला जातात, त्याच जुन्या टर्बो डिझेल गाडीतून. महिनाभर ती गाडी चढावर दम टाकत होती. सायकलवाले पुढे जायचे आणि मागे काळा धूर. एका गॅरेजने हवेचा आणि डिझेलचा, दोन्ही फिल्टर बदलले. दुसऱ्याने इंजिनात हवा कोंबणारा टर्बोच गेला म्हणून हात वर केले. बाई गाडी भंगारात काढायला निघाल्या होत्या. म्हणजे लांबच्या फेऱ्याही बंद. त्याआधी एकदा माझ्याकडे आल्या.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतंय, हवा कमी पडतेय. टर्बोचा पंखा बोटाने फिरवून पाहिला, लोण्यासारखा फिरला. मग तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या पाइपवर संशय. पूर्वी मी नुसता कान दिला असता. फुटक्या पाइपातून हवा सापासारखी फुसफुसते. त्याच सवयीने बाईंना इंजिन रेस करायला लावलं आणि वाकून ऐकू लागलो. काहीच नाही. बाई तीनदा काहीतरी ओरडल्या म्हणे, तेही नाही. शेवटी त्या खाली उतरून समोर उभ्या राहिल्या, तेव्हा वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं.

त्या माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, “कान गेले असतील. हात कुठे गेलेत?”

मग हातानेच शोधलं. पाइपच्या खालच्या अंगाला बोटांना तेलकट काजळी लागली. बाईंनी पुन्हा रेस केली आणि तळहातावर वारा आला! बोटभर चीर होती. एरवी मिटलेली, दाब आला की उघडायची. टर्बो बिचारा ठणठणीत होता. नवा पाइप बसवून आम्ही पाण्याच्या टाकीचा चढ चढलो. गाडीने अशी उसळी घेतली की माझी पाठ सीटला चिकटली. दोन म्हातारी माणसं वर पोचेपर्यंत हसत होती.

टाकीपाशी बाईंनी विचारलं, लेकीला सांगितलंत का? मी मान खाली घातली. ठमे, लग्न ठरल्याचं सांगायला तू फोन केलास, त्यातलं ‘लग्न’ तेवढं मला कळलं. पुढचं सगळं खरखर. मी “बरं” म्हणून ठेवून दिला आणि नंतर तुझे फोन उचललेच नाहीत. मला राग आलाय असं तुला वाटतंय, हे मावशीकडून समजलं. राग कसला गं? ज्याने जन्मभर कानाने इंजिनं ओळखली, त्याला बहिरा झालो म्हणायची लाज वाटली, एवढंच. मंगळवारी बाई मला कानाचं मशीन बसवायला नेणार आहेत. रविवारी फोन कर, मी पहिल्या घंटीला उचलेन. आणि जावईबापूंचं नाव जरा सावकाश सांग; अजून मला ते ठाऊक नाही.

तुझाच,
बहिरट बाबा